फडताळाची किल्ली

आमच्या शहापुरातल्या जुन्या घराच्या माजघरात भिंतीतले एक फडताळ आहे. सागवानी दारे, आत तीन फळ्या आणि बाहेर पितळी कोयंडा. आता त्यात माझी औषधे, विजेची बिले आणि निवृत्तीनंतरही रद्दीत न घातलेली जीवशास्त्राची क्रमिक पुस्तके असतात. माझ्या लहानपणी त्यात दिवाळीचा फराळ असे आणि त्याची किल्ली आजीच्या कनवटीला. मला लिहायचे आहे ते माणसाच्या शरीरातल्या एका विकराविषयी, म्हणजे ज्याला आपण एन्झाइम म्हणतो त्याविषयी, आणि ते विकर घडवणाऱ्या जनुकाविषयी. तरी सुरुवात फडताळापासून करतो, कारण या विषयावर जेव्हा जेव्हा वाचले तेव्हा डोळ्यांपुढे ते फडताळच आले.

साल १९६८. मी चौदा वर्षांचा होतो. माझी आतेबहीण खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून शिकायला आमच्याकडे राहिली होती. वय अकरा. अंगाने चांगली जाड. तिला भूक फार लागे. पहिले पंधरा दिवस आजीने कौतुकाने वाढले. लेकीची लेक, तिला नाही वाढायचे तर कोणाला? मग भाकऱ्या मोजल्या जाऊ लागल्या. मग टोमणे सुरू झाले. आमच्या शेजारच्या कानडी बाई जाता-येता दारातून विचारत, 'ऊट आतेन्री?' आपल्या भागात ही नुसती ख्यालीखुशाली. 'आत्री' म्हणायचे आणि पुढे जायचे. पण ही पोर त्या प्रश्नाला खरे उत्तर देई. म्हणे, 'झालं, पण भूक आहे अजून.' सगळे हसत. मीही हसत असे.

त्या वर्षीच्या दिवाळीत, पाडव्याच्या रात्री, मला जाग आली. आजी घोरत होती. फडताळाचे दार उघडे होते आणि माझी बहीण अंधारात उभी राहून काहीतरी खात होती. लाडू नव्हे, करंजी नव्हे. चकलीसाठी दळून आणलेली आणि उरलेली कोरडी भाजणी ती मुठीने तोंडात टाकत होती, कारण लाडू-करंज्या मोजलेल्या होत्या आणि पीठ मोजलेले नव्हते. ठसका लागू नये म्हणून तिने तोंडावर परकराचा शेव धरला होता. मी डोळे मिटून घेतले आणि सकाळी आजीला सांगितले.

सकाळ भाऊबीजेची होती. घरात पाहुणे होते. आजीने तिला माजघराच्या मधोमध उभे केले. फडताळामागे ठेवलेली भाजणीची एक भरलेली वाटीही सापडली होती. ती आजीने सगळ्यांना दाखवली. 'खाल्लं ते खाल्लं, वर उद्याची बेगमीही करून ठेवली!' कोणी तरी म्हणाले, जिभेवर ताबा नाही. कोणी म्हणाले, मुलीच्या जातीला हे शोभत नाही. माझे वडील काहीच बोलले नाहीत. त्यानंतर तासाभराने तिने पाटावर बसलेल्या मला ओवाळले आणि मी तबकात रुपया टाकला. सुट्टी संपल्यावर ती परत आली नाही. आत्याने 'इथंच घालते शाळेत' असा निरोप धाडला. गावात सातवीपर्यंत शाळा होती. ती सातवीपर्यंत शिकली.

पुढे मी जीवशास्त्राचा शिक्षक झालो. संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, ग्रंथीतून रक्तात येतात आणि दूरच्या अवयवांना हुकूम देतात, एवढे मी तीसेक वर्षे फळ्यावर लिहीत आलो. ग्रंथी जणू नळ आणि संप्रेरक जणू पाणी. तोटी सोडली की आले. पण ते तसे नाही. अनेक संप्रेरके आधी तयार होतात ती लांबलचक, निकामी रूपात.

हे मला नीट समजले ते आमच्याच गल्लीतल्या मागांमुळे. शहापूर-वडगावच्या वाचकांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. मागावर एकेक लुगडे सुटे विणत नाहीत. ताणा लांब असतो. एक लुगडे संपले की थोडी जागा नुसते उभे धागे सोडतात, मग दुसरे सुरू होते. मागावरून उतरते ती सलग पट्टी. ती कोणी नेसू शकत नाही. नेमक्या त्या मोकळ्या जागी कात्री चालवावी लागते, लोंबणारे धागे छाटावे लागतात आणि शेवट उसवू नये म्हणून पदराच्या टोकाला गाठी माराव्या लागतात. मग ते लुगडे.

इन्शुलिनचे असेच आहे. शिकागो विद्यापीठातल्या डोनाल्ड स्टायनर यांनी १९६७ साली दाखवून दिले की इन्शुलिन आधी एका सलग साखळीच्या रूपात तयार होते. माणसात या पूर्वरूपात ८६ अमायनो आम्ले असतात. मधला ३१ आम्लांचा तुकडा आणि सांध्यांवरची चार आम्ले गळून पडली की २१ आणि ३० अशा दोन साखळ्यांचे, एकूण ५१ आम्लांचे खरे इन्शुलिन उरते. कापायची जागाही ठरलेली: जिथे लायसिन आणि आर्जिनिन या जातीची दोन आम्ले शेजारी-शेजारी येतात तिथे. मागावरच्या मोकळ्या धाग्यांसारखी ती खूण. पण कात्री कोणती, हे कळायला आणखी दोन तपे लागली. पहिला सुगावा लागला तो पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये. यीस्टसुद्धा आपले लहानसे संप्रेरक लांब साखळीतून कापून काढते आणि ती कात्री १९८४ साली सापडली. तिच्याशी मिळतीजुळती माणसातली कात्री शोधता शोधता १९९०-९१ च्या सुमारास माँट्रियल आणि शिकागो इथल्या दोन गटांना एकच विकर मिळाले. एकाने त्याला पीसी१ म्हटले, दुसऱ्याने पीसी३. भांडण मिटवायला आता पीसी१/३ असे जोडनाव लिहितात. सीमाभागातल्या माणसाला याचे नवल वाटू नये. आमच्या गावांचीही दोन-दोन नावे आहेत. हे विकर घडवणारे जनुक आपल्या पाचव्या गुणसूत्रावर असते. त्याचे नाव पीसीएसके१.

ही कात्री फक्त इन्शुलिन कापत नाही, आणि इथूनच माझ्या गोष्टीशी तिचा संबंध येतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथल्या काही पेशी पीओएमसी नावाची एक लांब साखळी विणतात. त्या एका पट्टीतून निरनिराळी लुगडी निघतात. एक ताणाच्या वेळी उपयोगी पडणारे, एक वेदना शमवणारे, आणि एक १३ आम्लांचे, अल्फा-एमएसएच नावाचे, ज्याचा निरोप साधा असतो: पुरे झाले, आता पोट भरले. हा निरोप तयार व्हायला पहिला काप पीसी१/३ घेते, पुढचा तिचीच बहीण पीसी२ घेते. लोंबणारी आम्ले कार्बोक्सिपेप्टिडेज-ई नावाचे तिसरे विकर छाटते. शेवटची गाठ पीएएम नावाचे चौथे मारते. या गाठीसाठी तांबे, प्राणवायू आणि क जीवनसत्त्व लागते. (आवळीभोजनाचे दिवस जवळ आले आहेत म्हणून लिहून ठेवतो: आवळे खाऊन भूक आटोक्यात येते असा अर्थ कृपा करून काढू नये.) चार कारागिरांपैकी एक जरी गैरहजर राहिला, तरी पट्टी विणली जाते, पेशीत साठते, पण 'पुरे' हा शब्द काही उमटत नाही.

असे प्रत्यक्षात घडते काय? घडते. इंग्लंडात केंब्रिजच्या स्टीफन ओ'राहिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एका स्त्रीविषयी लिहिले. ती अगदी बालपणापासून अतिशय स्थूल होती. तिच्या रक्तात इन्शुलिन फार थोडे, पण त्याचे न कापलेले पूर्वरूप भरपूर. पीओएमसीचेही तसेच. कापड होते, कात्री नव्हती. १९९७ साली कारण हाती आले. तिच्या पीसीएसके१ जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोन वेगवेगळे दोष होते. आईबापांकडून एकेक प्रत येते, हे आपण शाळेत शिकतोच. त्याच १९९५ साली अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेतल्या एका जाड उंदरांच्या वाणात छाटणी करणारे विकर बिघडलेले आढळले. त्या उंदरांच्या जिभेवर ताबा नव्हता, असे काही कोणी म्हटले नाही.

पीसीएसके१चा दोष घेऊन जन्मलेल्या इतर बालकांचे वर्णन पुढे आले आणि ते मला अधिक अस्वस्थ करते. ही बाळे आधी जाड नसतातच. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांना भयंकर जुलाब सुरू होतात, अंगी काही लागत नाही, काहींना शिरेतून पोषण देऊन जगवावे लागते. त्यातून तगलेले मूल काही वर्षांत अतोनात खाऊ लागते आणि फुगत जाते. त्या घरातल्या आईचा विचार करा. पहिल्या वर्षी शेजारीपाजारी म्हणणार, पोराला नीट पाजत नाही, हाडे वर आली बघा. चौथ्या वर्षी तेच लोक म्हणणार, काय कोंबते पोराला, काही ताळतंत्र? दोन्ही वेळा आरोपी तीच, आणि दोन्ही वेळा गुन्हा झालेलाच नाही.

आणखी एक गोष्ट याच केंब्रिजच्या मंडळींची. चरबीच्या पेशी मेंदूला साठा किती आहे हे कळवण्यासाठी लेप्टिन नावाचे संप्रेरक पाठवतात आणि ते पोचल्यावरच वर सांगितलेल्या पेशी 'पुरे'चा निरोप धाडतात. हे लेप्टिन जन्मतःच न बनणाऱ्या दोन मुलांचा अहवाल १९९७ साली आला. त्यातली मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा तिचे वजन ९४ किलो होते. अन्नासाठी ती आकांत करी. तिला रोज लेप्टिनची सुई देऊ लागले. वर्षभरात सोळा किलो वजन उतरले, पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट ही की तिचा आकांत थांबला आणि ती भावंडांसारखी जेवून पानावरून उठू लागली. या काळात तिच्या चारित्र्यात काय सुधारणा झाली? तिला कोणी उपदेश केला होता? श्लोक शिकवले होते? माजघरात उभे केले होते? ज्याला तिचा हावरटपणा म्हटले असते तो तिच्या रक्तात एका प्रथिनाची उणीव होता आणि ते प्रथिन मिळताच तो नाहीसा झाला.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही हे कबूल करतो.

आमच्या घरात एकादशी कडक असे. आजीच्या शिस्तीत मी आठव्या वर्षापासून निर्जळी करीत असे आणि त्याची वाखाणणी चारचौघांत होई. 'पोरगं कसं, नाव काढत नाही खाण्याचं.' मोठेपणीही मी बेताचे जेवणारा म्हणून ओळखला गेलो. लग्नाच्या पंगतीत कुंद्याचा आग्रह झाला तरी पानावर हात आडवा धरून नाही म्हणणे मला कधी जड गेले नाही. गीतेत बेतशीर आहाराची थोरवी सांगितली आहे, ती मला जणू माझीच थोरवी वाटे. आता विचार करतो, त्यात मी केले काय? माझ्या हायपोथॅलॅमसमध्ये कात्री वेळेवर चालत होती. 'पुरे' हा शब्द मला आतून ऐकू येत होता आणि मी तो ऐकत होतो. भूक नसलेल्या माणसाने ताट सरकवणे याला संयम म्हणत असतील, तर दात नसलेल्याने चणे न खाणे यालाही म्हणावे लागेल.

या बाबतीत जुना ॲरिस्टॉटल फार नेमके बोलून गेला आहे. नीतिशास्त्रावरच्या त्याच्या ग्रंथाच्या सातव्या भागात तो दोन माणसांत भेद करतो. एकाला वावग्या वासना होतच नाहीत. दुसऱ्याला त्या होतात, जोराने होतात आणि तो त्यांना आवरतो. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. ॲरिस्टॉटल पहिल्याला श्रेष्ठ ठरवतो. ज्याच्या मनात झगडाच नाही त्याचा स्वभाव अधिक सुघटित, असे त्याचे म्हणणे. इथे माझे त्या थोर पुरुषाशी जमत नाही. तो सुघटित स्वभाव सवयीने आणि संस्काराने येतो असे त्याने मानले. त्याचा काही वाटा पाचव्या गुणसूत्रावर ठेवलेला असेल हे त्याला कसे ठाऊक असावे? ज्याला झगडावे लागत नाही त्याला मी नशीबवान म्हणेन. माझी बहीण आमच्या घरी पाच महिने राहिली. रोज दोन वेळा ती अर्ध्या पोटी उठली. शाळेतून आल्यावर फडताळापुढून गेली आणि हात न लावता पुढे गेली. पाच महिन्यांत अशा किती वेळा झाल्या असतील? शेकड्यांनी. त्यातली एक रात्र ती हरली. संयमाचा हिशेब मांडायचाच तर घरात सर्वांत मोठी पुंजी तिची होती. मी तर त्या खात्यात एक पैसाही भरला नव्हता.

यावर माझे एक मित्र, वकिली करतात, ताबडतोब हरकत घेतात. 'मास्तर, अशाने कोर्टं बंद करावी लागतील. दारुडा म्हणेल माझं जनुक, चोर म्हणेल माझं विकर. मग जबाबदार कोण?' हरकत क्षुल्लक नाही. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघा तत्त्वज्ञांनी याच गाठीवर बोट ठेवले होते. माणसाच्या हातात नसलेल्या गोष्टी वगळत गेलो, त्याचा स्वभाव, त्याची परिस्थिती, त्याच्या कृत्याचे परिणाम, तर शेवटी ज्याला दोष किंवा श्रेय द्यावे असा माणूसच शिल्लक राहत नाही, अशी ती अडचण. तिचे उत्तर माझ्यापाशी तयार आहे असा आव मी आणत नाही. पण वकीलसाहेबांना मी एक फरक दाखवतो. भूक आणि कृती एकच नाहीत. भूक लागणे हे कृत्य नव्हे, ती शरीराने मारलेली हाक आहे. पीसीएसके१ त्या हाकेचा आवाज ठरवते. हाकेला ओ कशी द्यायची हे सगळेच ठरवत नाही. माझ्या बहिणीने मोजलेले लाडू घेतले नाहीत, इतरांच्या वाट्याला येणार नव्हते असे उरलेले पीठ घेतले. एवढ्या आवाजातही तिने निवड केली होती. ती निवड माझ्या लक्षात यायला पन्नास वर्षे लागली. आणि त्या घरात दुसरी एक कृती झाली होती, जिच्यामागे कसलीही हाक नव्हती. सकाळी आजीकडे जाऊन मी जे सांगितले, त्याला कोणत्याही गुणसूत्रावर आडोसा नाही.

म्हणजे जबाबदारी नाहीशी होत नाही. ती आपण ज्याच्या दाराशी नेऊन ठेवतो ते दार कधी कधी चुकते, इतकेच.

आता या लेखातला मला सर्वांत अवघड वाटणारा भाग. हे सगळे वाचत असताना माझ्या मनाने हळूच एक कथा रचली होती: माझ्या बहिणीत हाच दोष असणार. कात्रीच नव्हती बिचारीपाशी! ही कथा फार सुखाची होती. मी ती बरेच दिवस कुरवाळली. मग शिक्षकाची जुनी खोड जागी झाली आणि मी पुरावा तपासू लागलो. या दोषाची माणसे जगात फार थोडी आहेत. तान्हेपणी तिला तसले जुलाब झाल्याचे आत्याच्या बोलण्यात कधी आले नाही. या दोषात इतर संप्रेरकेही अर्धवट राहतात, पाळी आणि मूलबाळ यांत अडचणी येतात. तिला तीन मुले झाली, तीही सुखरूप. कथा टिकली नाही. ती साधी, भूक जास्त असलेली मुलगी होती.

आणि मला वाईट वाटले! तिला दुर्मीळ आजार नाही याचे मला वाईट वाटावे? त्या वाईट वाटण्याचा मी बराच पाठपुरावा केला तेव्हा तळाशी हे सापडले. तिला आजार असता तर मी केवळ अडाणी ठरलो असतो. १९६८ साली हे विकर कोणालाच ठाऊक नव्हते, मग चौदा वर्षांच्या पोराला काय ठाऊक असणार? पण आजार नसेल तर अडाणीपणाचा आधार जातो. मग उरते ते इतकेच की एका उपाशी मुलीला मी पकडून दिले.

यातून एक धोका मला स्पष्ट दिसू लागला आहे आणि तो माझ्यापुरता नाही. जनुकांच्या या शोधांमुळे आपण अधिक दयाळू होऊ असे सगळे म्हणतात. काही अंशी होऊही. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सेटमेलानोटाइड नावाच्या औषधाला मान्यता दिली. पीओएमसी, पीसीएसके१ किंवा लेप्टिनचा निरोप घेणारे जनुक बिघडलेल्या रुग्णांसाठी ते आहे; तेव्हाची मान्यता सहा वर्षांवरील रुग्णांसाठी होती. कात्रीला वळसा घालून ते 'पुरे'चा निरोप मेंदूतल्या ठरलेल्या जागी थेट पोचवते. ही विज्ञानाची फार सुंदर कामगिरी आहे. पण ते मिळायला जनुकाची तपासणी लागते, आणि औषधाच्या बाबतीत तसे असणे योग्यच आहे. दयेच्या बाबतीत मात्र आपण तीच तपासणी मागू लागलो तर? ज्याच्यापाशी चिठ्ठी तो आजारी, त्याला सहानुभूती. ज्याच्यापाशी चिठ्ठी नाही तो आळशी, खादाड, त्याला माजघराच्या मधोमध उभे करायला मोकळीक. आजीच्या हातातली किल्ली प्रयोगशाळेच्या हाती गेली, फडताळ तेच राहिले.

शिवाय चिठ्ठी असणारे आणि नसणारे अशी भिंत निसर्गाने बांधलेलीच नाही. २००८ साली युरोपीय वंशाच्या तेरा हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत याच पीसीएसके१ जनुकाचे काही सर्रास आढळणारे, सौम्य भेद स्थूलतेशी जोडलेले दिसले. कात्री आहे, पण जराशी बोथट. १९८६ साली डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक गेलेल्यांच्या अभ्यासात त्यांचे शरीरमान जन्मदात्यांशी जुळले, वाढवणाऱ्यांशी नाही. बाजाराचाही हात यात आहेच. जनुके पन्नास वर्षांत बदलत नाहीत, पण खडेबाजारातल्या दुकानांच्या दारांवर लटकणाऱ्या चकचकीत पुड्या माझ्या लहानपणी नव्हत्या. तेव्हा कोणाची कात्री किती धारदार आणि कोणाच्या दारावर किती पुड्या, याचा हिशेब कोणी कोणाच्या अंगाकडे बघून करू नये, असे मला वाटते. वर्गात मी एका जाड मुलाला 'गणपती' म्हणत असे, प्रेमाने म्हणत असे, असे मी तेव्हा समजत होतो. तो मुलगा हसत असे. माझी बहीणही हसत असे.

गेल्या वर्षी भाऊबीजेला ती आली होती. गुडघे दुखतात, तरी आली. जेवणे झाल्यावर मी तिला समोर बसवून हे सगळे सांगू लागलो. मागाचे उदाहरण तिला चटकन कळले. दीर विणकर होता, गाठी मारण्याचे काम तिने स्वतः केले आहे. केंब्रिजच्या त्या मुलीची गोष्ट ऐकताना तिने दोनदा विचारले, 'मग आता बरी आहे न्हवं ती पोर?' मग मी मुद्द्यावर आलो. म्हणालो, त्या रात्री मी जागा होतो.

'ठाऊक आहे की,' ती म्हणाली. 'डोळे मिटलास ते दिसलं मला. उजेड होता की थोडा, देवापुढच्या दिव्याचा.'

मी गप्प.

'मला वाटलं ह्याला पण भूक लागली असणार, लाजतोय. म्हणून एक वाटी भरून ठेवली तुझ्यासाठी. फडताळाच्या मागं. सकाळी सांगणार होते.'

मग तिने गुडघ्यावर हात टेकून चहाचे आधण ठेवायला सांगितले आणि चकलीचा डबा आपल्याकडे ओढला.